रेवाने घेतलेलं परत जात नाही

११ ऑगस्ट

भक्तीने आज माझं दोन महिन्यांचं काम कचऱ्यात टाकलं, तेही गोड बोलून. "अक्षया, हे शक्तींचं किराणा दुकान झालंय गं," म्हणाली. रेवा उडते, रेवा आग फेकते, रेवा भिंतीतून आरपार जाते, आणि गोष्ट अडली की रेवाला एक नवीन शक्ती फुटते. मला राग आला, कारण ती खरं बोलत होती.

भक्ती आमच्या मालिकेची दिग्दर्शक. बारा भागांची ॲनिमेशन मालिका, सतरा वर्षांची नायिका रेवा, आणि तिच्या शक्ती ठरवणं हे माझं काम. तिला काय जमतं, काय जमत नाही, जमवलं तर त्याची किंमत काय. भक्ती प्रत्येक फोनला एकच विचारते, "तिला काय हवंय ते सांग, मग तिच्या हातात काय द्यायचं ते मी सांगते." आता तीन आठवडे दिलेत. नाही जमलं तर हे काम आमच्यातल्याच दुसऱ्या लेखकाकडे, धनेशकडे जाणार, आणि त्याला तर प्रत्येक पात्राच्या हातातून वीज काढायची हौस आहे.

स्टुडिओने पुण्याची जागा सोडून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हापासून मी तारकर्लीला आईकडे आहे. आई दोन खोल्या पर्यटकांना देते, स्वतःच्या हाताने मासे रांधून वाढते. सध्या पावसामुळे कोणी नाही, म्हणून समुद्राकडची खोली मी बळकावली आहे. आज ती चहा घेऊन आली आणि चौकट धरून उभीच राहिली. मी विचारलं, दम लागला का. "दमट हवा आसा मगे, तुका लागणा नाय?" म्हणाली. मला नाही लागत, पण मी दिवसभर खुर्चीत असते.

१४ ऑगस्ट

सापडलं! आणि सापडलं कुठे, तर घरच्या पडवीत.

बानूमावशी नातीला घेऊन आली. पोर सकाळपासून किरकिरत होती, दूध घेत नव्हती. बानूमावशी आमच्या मागच्या घरात राहते, तिच्या घरची सगळी माणसं मासळीच्या धंद्यात. मूल रडायला लागलं की दृष्ट काढायला ती आईकडेच येते. सगळी वाडीच येते. नवी होडी, नवी स्कूटर, बाळंतीण, सगळं आईच्या समोर आणून बसवतात.

आईने मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या आणि पोरीवरून ओवाळायला लागली. "इल्यागेल्याची, घरातल्या-दारातल्याची..." आणि मग जांभया. एकामागून एक, डोळ्यांतून पाणी. बानूमावशी म्हणाली, "बाये, केवढी लागलेली!" कारण काढणारीला जेवढ्या जांभया, तेवढी दृष्ट मोठी. ती आधी काढणारीच्या अंगावर येते आणि मग मुठीतून चुलीत जाते, असा हिशेब. मिरच्या जळल्या तरी ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होती हे नक्की झालं. पोर झोपली. आई मात्र तिथेच भिंतीला टेकून बसली, कितीतरी वेळ.

लहानपणापासून बघतेय हे. आज पहिल्यांदा दिसलं, की ही एक शक्ती आहे आणि तिला किती सुरेख नियम आहेत.

१६ ऑगस्ट

भक्तीला फोनवर सांगितलं. रेवा दुसऱ्याचं दुखणं स्वतःवर घेते. बस, एवढंच. उडणं नाही, आग नाही. समोरच्याने येऊन तिच्यापुढे बसायला हवं, तो आला नाही तर ती काही करू शकत नाही. घेतलेलं दुसऱ्याला देता येत नाही. आणि तिचं स्वतःचं तिला काढता येत नाही, जशी आईला स्वतःची दृष्ट काढता येत नाही.

भक्तीने एकेक नियम लिहून घेतला. मग म्हणाली, "किंमत?" मी म्हटलं, ती पडवीत बसलीये, बघून सांगते. ती हसली. मीही हसले. फार दिवसांनी काम करताना मजा आली.

२३ ऑगस्ट

किंमत ठरवतेय. डोक्यातून काढण्यापेक्षा समोर आहे ते बघावं, म्हणून आठवडाभर आईवर नजर ठेवली. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती मुद्दाम नीट चालली असती.

श्वास आधी जातो. विहिरीवरून कळशी आणताना ती मध्ये माडाला हात लावून थांबते, जणू माडाशी काही बोलायचंय. मग पाय. संध्याकाळी तिच्या चपलांचे पट्टे रुततात, काल अनवाणीच गेली दुकानात. झोपताना पाठीशी दोन उशा आणि वर गोधडीची वळकटी घेते. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, म्हणते.

रेवासाठी हे सोनं आहे. पहिल्या भागात ती धावते, चौथ्यात चालते, सातव्यात जिन्यात बसते. वाळूत तिची पावलं भागागणिक खोल उमटतील. प्रेक्षकाला शब्दाने काही सांगावं लागणार नाही. पडद्यावर शक्ती मोजणारे आकडे, मीटर, चमकणारी वलयं असलं काही नको. शरीरच सांगेल.

आईला विचारलं, बरं वाटत नाही का, डॉक्टरकडे जायचं? म्हणाली, "चवथ होव दे. पन्नास बायांची मी काढतंय, त्येंची दिष्ट खंय तरी ऱ्हवतलीच मा अंगार." चतुर्थी झाल्यावर बघू म्हणाली. मीही म्हटलं, बघू.

३० ऑगस्ट

घरात गणपती. भजनाला सगळी वाडी. आईने किती माणसांची दृष्ट काढली ते मोजलं नाही. मुंबईहून आलेल्या सुना, त्यांची पोरं, एकाची नवीन गाडी. ती नाही म्हणत नाही.

गर्दी ओसरल्यावर तिला विचारलं. भक्तीचाच प्रश्न, पण आईच्या भाषेत. "आई, कित्याक करतस ह्या सगळा? तुका काय मिळता?"

तिला हसू आलं. म्हणाली, "मिळतला काय? लोक येतत, मी काढतंय." मी सोडलं नाही. मग ती हळू आवाजात बोलली, पाय चोळत. "दिष्ट काढताना समोरचो माणूस गप बसता गो. माझ्याकडे बगत. दुसऱ्या येळार माका कोण बगता? वाढ, आण, ठेव, एवढाच. ल्हान असताना तू पण बसा होतस. आता तुका टायम नाय."

मी लगेच खोलीत येऊन हे लिहून ठेवतेय, एक शब्दही हरवायला नको. मिळालं मला! रेवाला काय हवंय ते मिळालं. तिला जग वाचवायचं नाहीये. तिला कोणीतरी तिच्याकडे बघायला हवंय, आणि दुखणं घेऊन आलेला माणूसच तेवढा तिच्याकडे बघतो. भक्ती वेडी होईल हे ऐकून.

६ सप्टेंबर

झाली वेडी. पैसे लावणाऱ्यांच्या बैठकीत तिने हेच वाक्य म्हटलं आणि एक बाई रडल्या म्हणे. काम पक्कं झालं, रेवाचे सगळे प्रसंग मीच लिहिणार. धनेशने अभिनंदनाचा फोन केला, आवाजात वीज नव्हती.

आईला म्हटलं, तुझ्यामुळे झालं. "माझ्यामुळे कसला?" मी सांगायला लागले, पण सगळं समजावून सांगायचं म्हणजे तासभर लागला असता, आणि पहिल्या भागाचे संवाद द्यायचे होते. नंतर सांगेन.

१९ सप्टेंबर

आज एक घटना घडली आणि ती माझ्या चौकटीत बसत नाही.

आईला चार दिवस खोकला आहे. बानूमावशीला राहवलं नाही. म्हणाली, "सगळ्यांची काढतस, तुझी कोण काढतला?" आणि स्वतः मीठमोहरी घेऊन बसली. तिला येत नव्हतं, आई मध्येमध्ये चुका काढत होती, दोघी हसत होत्या. बानूमावशीला एकही जांभई आली नाही. चुलीत टाकल्यावर असा ठसका उठला की आम्ही सगळ्या अंगणात पळालो. आई सगळ्यात शेवटी आली आणि पायरीवर बसून खोकत राहिली.

बानूमावशीने मला बाजूला घेतलं. "अक्षया, ठसको इलो. हिका दिष्ट नाय. ह्या काय तरी वेगळाच आसा. तू हिका मोठ्या डॉक्टराक दाखव, आयक माझा."

मी म्हटलं, मिरच्या नव्या आहेत मावशी, बाजारातून कालच आणल्या, ठसका येणारच. ती परत आईच्या शेजारी जाऊन बसली.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. इतका नीट बसलेला नियम आणि एका मुठीत विस्कटला. रेवाच्या बाबतीत मी ठरवलंय की तिच्यावर कोणी उपाय करायला गेलं तर तो चालतच नाही, कारण तिच्यात जमलेलं दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही. आठव्या भागात घालीन. म्हणजे बसलं चौकटीत. आईसाठी दुकानातून खोकल्याचं औषध आणलं.

८ ऑक्टोबर

पाचवा आणि सहावा भाग दिले. पर्यटक सुरू झालेत. आई सुरमई तळताना स्टूल घेऊन बसते, यापूर्वी कधी बसली नव्हती. मी म्हटलं, यंदा खोल्या बंद ठेवूया का? "आणि मी काय करू? तुझ्या कॉम्पुटराकडे बघत बसू?" चिडली. चिडली म्हणजे बरी आहे, असं मी मनात म्हटलं. तिच्या ओठांना हल्ली जांभळट झाक असते. रेवाच्या रंगांसाठी कळवलं, चित्रकारांना आवडलं.

२ नोव्हेंबर

डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं, परवा. माझी बैठक आली. पुढच्या आठवड्यात जाऊ. आई म्हणाली, "घाई कसली?" तिला सुटल्यासारखंच वाटलं असावं.

२६ नोव्हेंबर

भक्तीशी कडाक्याचं भांडण. बाराव्या भागात सगळं शहर रेवासमोर येऊन बसतं आणि ती सगळ्यांचं घेते. भक्तीचं म्हणणं, तिला जगव. मुलं बघणार आहेत, दुसरा सीझन आहे, काहीतरी वाट काढ, शेवटी सगळ्यांनी मिळून तिचं दुखणं वाटून घेतलं असं दाखव.

मी म्हटलं, मग आधीचे अकरा भाग खोटे. घेतलेलं परत जात नाही हे आपण तिसऱ्या भागात मोठ्याने सांगितलंय. पावलं खोल गेली, श्वास गेला, ओठांचा रंग गेला, आणि आता शेवटी आपल्याला वाईट वाटलं म्हणून सगळं माफ? पहिलं मूलच पकडेल आपल्याला. ज्या शक्तीची किंमत लेखकाला दया आली की रद्द होते, ती शक्ती नाहीच, ती लाच आहे.

फार चांगलं बोलले मी. मध्ये आईचा खोकला सुरू झाला, भिंतीपलीकडे, थांबेचना. भक्तीने विचारलं, कोण खोकतंय? मी म्हटलं, आई, हवा बदललीये. मग माइक बंद करून आईला जरा मागच्या अंगणात बसायला सांगितलं. ती गेली, भिंत धरत.

२८ नोव्हेंबर

जिंकले. भक्ती म्हणाली, तुझंच बरोबर आहे, रेवा जाते. स्टुडिओतल्या सगळ्यांना पटलंय. शेवटचा प्रसंग एका बैठकीत लिहून काढला. ती बसते, सगळे उठून घरी जातात.

११ डिसेंबर

गोव्याच्या इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावरून लिहितेय. 

काल सकाळी आई विहिरीपाशी पडली. बानूमावशीने हाक मारली तेव्हा मी कानात हेडफोन घालून बसले होते, ती खोलीत येऊन माझा खांदा हलवेपर्यंत मला कळलं नाही. मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, थांबू नका, सरळ गोव्याला न्या.

हृदयाची झडप अरुंद झालीये. लहानपणी कधीतरी ताप आला असेल, तेव्हापासून हळूहळू. डॉक्टर तरुण आहेत, भराभर विचारत होते. दम कधीपासून? पायांना सूज? झोपताना किती उशा? खोकला? ओठ? मला सगळं सांगता आलं. एकदाही आठवावं लागलं नाही, कुठलं आधी, कुठलं नंतर, कसं वाढत गेलं, धडाधड सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "एवढं नीट लक्ष होतं तुमचं. मग आणलं का नाहीत?"

ऑगस्टमध्ये आणलं असतं तर झडप उघडता आली असती, म्हणाले. आता फुप्फुसात पाणी आहे, भूल झेपणार नाही. आधी पाणी उतरतंय का बघू.

१४ डिसेंबर

आज थोडं बोलली. म्हणाली, "तुझा काम ऱ्हवला गो." मी म्हटलं, राहू दे. तिच्यासमोर स्टूलवर बसून राहिले, तिच्याकडे बघत. मला वाटत होतं तिला बरं वाटेल. ती डोळे मिटून होती.

१७ डिसेंबर

आई गेली. सकाळी.

३० डिसेंबर

तेरावं काल झालं. बायका येतात, आईच्या पडवीत बसतात आणि तिचं नाव घेऊन म्हणतात, "तुळसाक लोकांची दिष्ट भोवली." मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग ओरडले. दृष्ट नव्हती! झडप होती! साधी झडप, औषध होतं तिला! सगळ्या उठून गेल्या. पोरगी दुःखाने बावरलीये, असं फाटकाबाहेर कोणीतरी म्हणालं.

बानूमावशी बसून राहिली. तिच्या डोळ्याला डोळा देववेना मला. म्हटलं, मावशी, तू सांगितलं होतंस. ती म्हणाली, "सांगून काय, बाये? माका त्या दिवशी हट्ट धरूक होयो होतो. हात धरून गाडीत घालूक होया होता तिका. माझा चुकला." चूक तिची नव्हती, तरी तिने अंगावर घेतली. मी नको म्हणायला हवं होतं. मी तिला ती घेऊ दिली, कारण तेवढ्यापुरतं हलकं वाटलं.

२२ जानेवारी

खोल्यांची चौकशी करणारे फोन येतात. खोल्या बंद आहेत म्हणते. "मासे अप्रतिम होते हो तुमच्याकडचे," म्हणतात. मी बरं म्हणते.

१८ फेब्रुवारी

भक्तीने बाराव्या भागाचा कच्चा व्हिडिओ पाठवला. आवाज भरलेत, चित्रं अजून रेषांची आहेत. बघितला. रेवा चौकात बसते, एकेक माणूस येतो, उठतो, जातो. मग ती एकटी. मान खाली जाते. शहरात दिवे लागतात. सगळं मी लिहिलं तसं आहे, श्वाससुद्धा.

फोन केला आणि भक्तीला म्हटलं, तिला जगव. काहीही कर. वाटून घेऊ देत सगळ्यांना, एखादं औषध सापडू दे, देव येऊ दे. नियम मोडला तर मोडू दे.

ती रडायला लागली. "अक्षया, तूच पटवलंस गं मला. आता सगळं तसंच बांधलंय. पहिल्या भागापासून प्रत्येक पाऊल तिकडेच जातंय. आता जगवली तर कोणाला खरी वाटेल?" मी तिला शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, याच शब्दांत.

फोन ठेवल्यावर मी बाराही भाग पहिल्यापासून वाचले. काहीतरी शोधत होते, एखादी फट, जिथून तिला बाहेर काढता येईल. फट नाही. काम चोख आहे. पण वाचता वाचता दिसलं, की बारा भागांत एकही माणूस रेवाला विचारत नाही, तुला काय होतंय? भाऊ तिला हाका मारतो. मैत्रीण तिचं कौतुक करते. आजोबा आशीर्वाद देतात. माणसं रडतात, पाया पडतात, आभार मानतात. विचारत कोणी नाही.

पुन्हा फोन केला. म्हटलं, मरू दे तिला, पण एक वाक्य घालू दे मला. भक्ती म्हणाली, चौकातून लोक परततात तिथे सगळे पाठमोरे आहेत, ओठ दिसत नाहीत. तिथे बसेल. कोण म्हणतंय तेवढं ठरव, त्या आवाजाच्या माणसाला उद्या बोलावते.

वाक्य केव्हाच लिहून झालं. ते कोणाच्या तोंडी घालायचं, एवढ्यावर दुपारपासून बसले आहे. भाऊ विचारणार नाही, त्याला तिची सवय झालीये. मैत्रीण विचारणार नाही, तिला उत्तराची भीती वाटते. आजोबांना वाटतं, ती समर्थ आहे. एकेकाचा स्वभाव मीच बसवलाय, पक्का, कुठेही न सुटणारा. त्यातला कोणीही थांबून मागे वळेल, हे मलाच खरं वाटत नाही.